म्हातारी सुटेपर्यंत

"श्वास घ्या. रोखून धरा," बाई गवताला म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबले.

गवताने ऐकले. दवाने वाकलेले ते पाते तसूभरही हलले नाही. "हं, सोडा," असे म्हणून मग बाईंनी स्वतःचाही श्वास सोडला. तोंडातून निघालेली वाफ धुक्यात मिसळून गेली.

सगळा जन्म इस्पितळाच्या एक्स-रेच्या खोलीत गेलेला. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना एक्स-रेबाई म्हणत. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा, हे तीन हुकूम त्यांच्या जिभेवर असे बसले होते, की सुट्टीच्या दिवशी रानातल्या झाडाझुडपांचीही त्यातून सुटका नव्हती. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा नवरा हसून हसून ओल्या गवतात खालीच बसला होता. अगं, झाडांना फुप्फुसं नसतात, तो म्हणाला होता. मला आहेत ना, बाई म्हणाल्या होत्या. आणि ते खरेच होते. श्वास चालू असला की हात हलतो, काचेवर वाफ धरते आणि फोटो वाया जातो.

नवरा सुतार. जमिनीलगत उगवणाऱ्या रोपांसाठी त्याने बाईंना गुडघ्याएवढा लाकडी स्टँड करून दिला होता, पाय हवे तसे पसरणारा. दर हिवाळ्यात सुट्टीच्या सकाळी दोघे गावामागच्या टेकडीवर यायची आणि मुद्दाम धुक्यातच यायची. धुके असले की वारा पडलेला असतो. शिवाय रोपाच्या मागचे सगळे जग पुसले जाते, उरते फक्त ते एक रोप, त्याच्या शिरा न शिरा दाखवत. दिवसभर माणसांची हाडे न्याहाळणाऱ्या बाईंना ते पाहणे ओळखीचे होते. तरीही दर वेळी त्या तोंडात बोट घालून उभ्या राहायच्या. माणूस आतून कसा असतो हे त्यांनी इतके पाहिले होते, पण साधे वाळलेले बोंड आतून इतके देखणे असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. चुकून वाऱ्याची झुळूक आलीच, तर नवरा छत्री उघडून आडवी धरायचा.

या वर्षी छत्री धरायला कोणी नव्हते.

जन्मभर ओढलेला लाकडाचा भुसा नवऱ्याच्या छातीत जाऊन बसला होता. खोकला हटेना तेव्हा त्याचा एक्स-रे बाईंनीच काढला. पडद्यावर चित्र उमटले. दोन्ही फुप्फुसांत खालून वर धुके चढत आले होते. ते कुठवर चढले की काय होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. नवरा शर्टाच्या गुंड्या लावत बाहेर आला.

"काय दिसलं?" त्याने विचारले.

"डॉक्टर सांगतील," बाई म्हणाल्या.

त्या खोलीचा नियमच तो. फोटो काढणाऱ्याने काय दिसले ते बोलायचे नाही. बाईंनी तो आयुष्यभर पाळला होता आणि नेमक्या त्या दिवशी, सवयीने, घरच्या माणसासमोरही पाळला. नवरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कळलं." पुढे डॉक्टरांनी सांगितले ते सांगितले, पण दोघांनी आपसात तो विषय पुन्हा काढला नाही. बाईंच्या मनाला मात्र आपले ‘डॉक्टर सांगतील’ हे दोन शब्द डाचत राहिले.

आता गार हवेत त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नव्हते. पण काल संध्याकाळी त्याने हट्टच धरला. टेकडीच्या माथ्यावर काटेरी कुंपणावर एक रानवेल होता. हिवाळ्यात त्याच्या शेंगा तडकतात आणि आतून रेशमाचा झुबका लावलेल्या बिया बाहेर पडतात, त्याच त्या हवेत तरंगणाऱ्या म्हाताऱ्या. धुक्यात त्या ओल्या, शेंगेला चिकटून बसलेल्या असतात. ऊन पडले की सुटतात. पण ऊन पडायच्या आतच आठवडाभराच्या साचलेल्या कामांसाठी दोघांना घरी पळावे लागे, त्यामुळे एवढ्या वर्षांत तेवढे एक दृश्य राहूनच गेले होते.

"उद्या घाई करू नकोस," तो म्हणाला. मधे थांबून त्याने दम घेतला. "म्हातारी सुटेपर्यंत थांब. मला बघायचंय."

पुढच्या हिवाळ्याचे नाव त्याने काढले नाही, बाईंनीही नाही.

नणंद त्याच्याजवळ बसायला आली होती. माणूस घरात आजारी आणि ही चालली गवताचे फोटो काढायला, असे ती बाईंना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली. ताई, मीच पाठवतोय, असे त्याने सांगितले तेव्हा तिने नाक मुरडले आणि स्वतःची जाड लोकरी शाल काढून बाईंच्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळली.

बाई माथ्यावर पोचल्या तेव्हा दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते. कुंपण असे नव्हतेच, होती ती नुसती कोळ्यांची जाळी, काट्याकाट्यावर ताणलेली आणि थेंबांनी जड झालेली. मधूनच तडकलेल्या शेंगा, आणि शेंगांत ओल्या केसांसारखे मिटलेले रेशीम. बाईंनी स्टँड रोवला, कॅमेरा एका शेंगेवर रोखला आणि बटणावर बोट ठेवून वाट पाहत बसल्या.

आधी धुके दुधासारखे होते, मग त्यात कुठूनसा पिवळा रंग उतरला. थेंब एकेक करून पेटले. खालची दरी उघडली आणि तिच्यात भरलेले ढग डोंगरांच्या पायथ्याशी हलताना दिसू लागले. शेंगेतले रेशीम हळूच फुलले, सुटे झाले, आणि एक म्हातारी उठली. घाई नाही, गडबड नाही. तिच्यामागे दुसरी, मग शेजारच्या शेंगेतून, मग सबंध कुंपणावरून. उन्हाने उजळलेल्या असंख्य म्हाताऱ्या बाईंच्या डोक्यावरून दरीत निघाल्या होत्या. बाईंचा श्वास छातीत अडकला. एवढे मोठे काही आपल्यासारखीच्या पुढ्यात घडावे याचे त्यांना रडू आले. भानावर आल्या तेव्हा कुंपण जवळजवळ रिकामे झाले होते आणि बटणावरचे बोट होते तिथेच होते.

उतरताना त्या स्वतःला शिव्या घालत होत्या.

खिडकीपाशी उशांना टेकून नवरा वाटच पाहत होता. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पाहिला. जाळी, थेंब, मिटलेल्या शेंगा. मग नुसती रिकामी शेंग.

"सुटतानाचा?"

"नाही काढला. बघतच राहिले हो मी. बटण दाबायचं सुचलंच नाही."

नणंदेने कपाळावर हात मारला. नवरा मात्र हसला, खोकला, आणि खोकला थांबल्यावर त्याने विचारले,

"काय दिसलं?"

बाई त्याच्या पायाशी बसल्या आणि सांगू लागल्या. पिवळा रंग कसा उतरला, दरी कशी उघडली, पहिली म्हातारी उठायच्या आधी कशी क्षणभर थबकली. हातचे काही राखले नाही. सांगता सांगता त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. त्याने डोळे मिटून सगळे ऐकले. मग हात पुढे करून नणंदेच्या शालीत अडकलेली एक म्हातारी त्याने अलगद सोडवली आणि तळहातावर, तोंडाजवळ धरली.

बाईंनी कॅमेरा उचलला. खिडकीबाहेर धुके अजून रेंगाळले होते, उजेड बेताचाच होता.

"श्वास घ्या," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. पुढचे शब्द ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. "घेत राहा."

"फोटो हलेल ना."

"हलू दे."

तो श्वास घेत राहिला. तळहातावरची म्हातारी दर श्वासाला थोडी उचलली जात होती आणि पुन्हा खाली बसत होती. बाईंनी बटण दाबले.