आळशी बंदूक

रोवेनाने गज बंदुकीच्या नळीत सोडला, पण तो जिथवर जायला हवा होता त्याच्या चार बोटं अलीकडेच थांबला. तिने तो उचलून पुन्हा सोडला. रिकाम्या नळीच्या तळाशी गज टणकन वाजतो. इथे नुसतं थप्प झालं.

"एल्वुड," ती वळून न बघता म्हणाली, "ही भरलेली आहे."

बाकावर हात चोळत बसलेला एल्वुड क्रीमर हसला. "काहीतरीच काय! नऊ वर्षं माझ्या तळघरात खुंटीला आहे ती."

"मग नऊ वर्षं भरलेलीच आहे."

रोवेना हॅकमनची तीस वर्षं लेथवर लोखंड कातण्यात गेली होती. मापाच्या बाबतीत तिच्याशी कुणी हुज्जत घालत नसे. नाताळनंतरचा, फक्त चकमकीच्या बंदुकांनी हरणं मारायचा हंगाम तीन आठवड्यांवर आला होता आणि तिच्या जुन्या बंदुकीचा दस्ता तडकला होता. एल्वुडने थोरल्या भावाची, मर्लिनची, ठासणीची बंदूक विकायला काढल्याचं कानावर येताच तिने त्याला गाठलं. ठरलं ते असं, की दोघांनी नेमबाजी क्लबच्या रेंजवर यायचं, तिने बार टाकून बघायचे, मग हो की नाही ते सांगायचं. एल्वुडने आपल्याकडून काही लपवलं नव्हतं. 'देखणी आहे, पण आळशी आहे. ऐनवेळी दगा देते,' असं त्याने फोनवरच सांगून टाकलं होतं.

आठवड्यातली मधली सकाळ होती. रेंजवर त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. रोवेनाने नळीच्या बुडाशी असलेल्या कानातून, त्या बारीक भोकातून, पाणी सोडून आतली दारू भिजवली, गजाच्या टोकाला मळसूत्र बसवलं आणि पिळत पिळत शिशाची गोळी बाहेर काढली. मागोमाग काळा राडा ओघळला.

"बरोबरच आहे मग," गोळी न्याहाळत एल्वुड म्हणाला. "मर्लिनने चाप ओढला, आणि ही पेटलीच नाही. चाळीस पावलांवर नर होता, आठ फाट्यांच्या शिंगांचा! मीच हाकून आणला होता त्याच्या पुढ्यात. गेला निसटून. संध्याकाळी केबिनवर मी कात्री घेतली आणि मर्लिनच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकलं. हरीण चुकवलं की कापायचंच. आमच्यात बंदुकीची सबब चालत नाही."

"तो काय म्हणाला?"

"हसला. 'काप बाबा,' म्हणाला. निघताना बंदूक माझ्याच गाडीत ठेवली. 'तूच सांभाळ, मला नको आता.' मार्चमध्ये गेला तो. मी काही तिला परत हात लावला नाही."

रोवेना फडक्याने रंजकेची वाटी, ठिणगीने पेटणाऱ्या चिमूटभर दारूची, पुसायला गेली आणि थबकली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतंच. काजळीचा एक ठिपकाही नाही. घोड्याच्या जबड्यातल्या चकमकीची धार फुटक्या काचेसारखी कोरी होती. समोरचं पोलाद हंगामाआधी कुणीतरी आरशासारखं घासून ठेवलेलं, आणि त्यावर एक ओरखडा नव्हता. चाप एकदा जरी ओढला, तरी चकमक त्या पोलादावर आपटून ओरखडा उठवतेच. तिने बंदूक हलकेच मांडीवर घेतली.

"नर निघाला तेव्हा तुम्ही कुठे होता, एल्वुड?"

"नराच्या मागेच की, त्याच रेषेत. त्याची पांढरी शेपटी दिसत होती मला."

"मर्लिनला ठाऊक होतं?"

"त्याला कसं असणार? ठरलं होतं झऱ्याच्या काठाने यायचं. मी काटेरी झुडपांतून घुसलो, जवळ पडतं म्हणून. गुपचूप."

"अंगात काय होतं?"

"बापाचा जुना कोट. तपकिरी…"

तो थांबला.

 रोवेनाने बंदूक फिरवून चकमकीची बाजू त्याच्याकडे केली. एल्वुडचा हात लहानपणापासून असल्या बंदुकांवर बसलेला होता. त्याने खिशातून चष्मा काढला, वाकला आणि त्या गुळगुळीत पोलादावरून बोटाचं टोक फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"ओढलाच नाही त्याने," तो म्हणाला. "चाप ओढलाच नाही."

माळावर वारा होता. रोवेनाने नळी कोरडी होईस्तोवर पुसली. दारू मोजून ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने तळापर्यंत ठासली, वाटीत चिमूटभर रंजक टाकली.

"कान झाका," ती म्हणाली.

ठिणगी आणि बार एकदमच झाले. धूर हटला तेव्हा पन्नास यार्डांवरच्या कागदावर, मध्यापासून दोन बोटं डावीकडे, भोक दिसत होतं. तिने आणखी दोन बार टाकले. एकदाही घोडा दुसऱ्यांदा चढवावा लागला नाही, आणि तिसरी गोळी तर थेट काळ्या ठिपक्यात बसली.

"ही कसली आळशी! चापाला बोट लागायचा अवकाश."

एल्वुड उठून उभा राहिला होता. त्याने चष्मा काढून कोटाला पुसला आणि घातला नाही. "सगळ्या काउंटीला सांगत फिरलो मी. नऊ वर्षं. त्याच्या मयतालासुद्धा तोच किस्सा सांगितला. सगळे हसले."

"अजून विकायची आहे?" रोवेनाने सरळच विचारलं. तिला ती हवी होती, आणि तो नाही म्हणाला असता तर वाद घालणार नव्हती.

त्याने बंदूक हातात घेतली. नळी अजून ऊन होती. खांद्याला लावून तो समोरच्या उताराकडे बराच वेळ पाहत राहिला, मग तिच्याकडे परत दिली.

"घे. खुंटीवर काय करायचंय तिला?"

ती सामान आवरू लागली. एल्वुड तिथेच घुटमळला.

"तुला हरणं हाकून कोण देतं गं?"

"कुणी नाही. एकटीच जाते."

"सव्वीस तारखेला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, मी येतो. लांबून दिसेल असं नारिंगी जाकीट घालून." त्याने घसा खाकरला. "आणि पायथ्यापासून वरपर्यंत बोंबलत येणार, आधीच सांगून ठेवतो. हरणं पळाली तर मला बोलायचं नाही."

"पळू देत," रोवेना म्हणाली.