हलकेबुवा आणि टेलरबाईंची फीत

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला जुन्या गोदामासमोर एवढी गर्दी व्हायची, की दूधवाला सायकल खांद्यावर घेऊन भिंतीच्या कडेकडेने पलीकडे जायचा. आत हलकेबुवा लोकांची वजनं उतरवत. औषध नाही, पथ्य नाही, घामाचा थेंब नाही. जेवायचं पोटभर, लोळायचं मनसोक्त आणि रविवारी येऊन भार उतरवून जायचा. असला धर्म कुणाला नको असतो?

गोदामात मधोमध एक मोठा काटा होता. पूर्वी त्यावर मालाची खोकी तोलत. त्याची तबकडी पुरुषभर उंचीवर, मागच्या रांगेतल्यालाही दिसेल अशी. काट्याच्या डाव्या-उजव्या हाताला कमरेएवढे दोन काळे दगडी खांब, जमिनीत घट्ट रोवलेले. या भारशोषक शिळा. बुवांना त्या डोंगरात सापडल्या म्हणे. डोंगराने त्या इतक्या गुळगुळीत कशा घडवल्या, हे विचारायची टाप कुणाची?

"शरीर जाड नसतं, बाळांनो!" करड्या झग्यातले बुवा गरजत. "भार जाड असतो! तो भार पृथ्वीचा. पृथ्वीचं पृथ्वीला देऊन टाका! डोळे मिटा. दोन्ही तळहात शिळांवर. आता श्रद्धेने दाबा! आणखी दाबा! दंड थरथरतायत? थरथरू देत, भार वाहतोय!"

"ब्याण्णव... नव्वद... सत्त्याऐंशी!" शिष्य तबकडी वाचून ओरडे आणि टाळ्यांनी छताची धूळ खाली यायची.

सुरुवातीला एका शंकेखोराने काट्यावरच बोट ठेवलं होतं. बुवांनी स्वतः वजनमापाच्या निरीक्षकाला बोलावून काटा तपासून घेतला. तो अगदी अचूक निघाला. तो दाखला चौकटीत घालून दारावर लावल्यापासून शंकेखोरही रांगेत उभा राहू लागला. पहिल्या रविवारी मात्र शिळांना हात लावायचा नाही, असा नियम होता. नवख्याने हात छातीशी घेऊन उभं राहायचं, वजन नोंदवायचं आणि दुसऱ्या रविवारपासून पृथ्वीचं देणं द्यायचं.

गोदामासमोरच टेलरबाईंचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा, एक स्टूल आणि बावीस वर्षांच्या मापांच्या वह्या. गावातल्या झाडून सगळ्या माणसांची छाती, कंबर आणि बाही त्या वह्यांत होती. टेलरबाई फारसं बोलत नसत. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की फीत झटकून एवढंच म्हणत, "हात वर." मग हेडमास्तर असो नाहीतर फौजदार, त्यांचे हात आपोआप वर जात. फौजदार तर एकदा स्वतःच हसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो, इथे मुकाट्याने ऐकावं लागतं, म्हणाले.

बुवांचा महिमा टेलरबाईंच्या दुकानात शिरला तो शेजारच्या बेकरीवाल्याबरोबर.

"नवी पँट शिवायची. कंबर तीन इंच कमी धरा."

"हात वर."

"माप कशाला? काट्यावर नऊ किलो उतरलोय मी! सगळ्या गावाने पाहिलंय. धरा तीन इंच कमी."

टेलरबाईंनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. पोट होतं तिथेच होतं, उलट जरा पुढे सरकलेलं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पँट शिवली. चार दिवसांनी बेकरीवाला ती हातात नाचवत आला. पँट गुडघ्यांच्या वर जायला तयार नव्हती.

"बाई, तुमचा हात बिघडला!"

त्याच्यामागून आणखी चौघं तसेच आले. एकीने तर टेलरबाईंची फीतच आखडलीय असं जाहीर केलं. बाईंनी ती शाळेतल्या लोखंडी पट्टीला लावून पाहिली. फीत बरोबर होती. आता काटा बरोबर आणि फीतही बरोबर, मग माणसं चुकीची कशी?

हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या पाच जणांमागून सहावी आली ती त्यांची सख्खी थोरली बहीण.

ताई बस स्थानकावर तिकीट खिडकीत बसायची. बसून बसून वजन वाढलं आणि वजनामागून रक्तात साखर आली. डॉक्टरीणबाईंनी तिला रोजची गोळी दिली आणि चार साध्या गोष्टी सांगितल्या होत्या. जेवणानंतर अर्धा तास चालायचं. खिडकीतून दर तासाला उठायचं. चहात साखर नको, बिस्किटांचा डबा घरात नको. झोप वेळेवर. ताईने ते कुरकुरत का होईना, केलं. पाच महिन्यांत कंबर अडीच इंचांनी उतरली. वहीत तारखांसकट लिहिलेलं होतं. आणि मग ती बुवांच्या गोदामात गेली.

"पाच महिन्यांत अडीच इंच!" ताई म्हणाली. "बुवांकडे सात रविवारांत दहा किलो गेलेत, बाई! बुवा म्हणतात, चालल्याने भार ढवळतो आणि पुन्हा अंगाला चिकटतो. गोळ्यांनी तो गोठतो. सगळं सोडलंय मी. किती बरं वाटतंय म्हणून सांगू!"

"हात वर," टेलरबाई म्हणाल्या.

आधी चाळीसवरून साडेसदतीसवर आलेली कंबर आता एक्केचाळीस भरली. टेलरबाईंनी दोनदा मोजली. मग फीत गुंडाळताना त्यांची नजर खाली गेली. ताईच्या डाव्या पायाच्या करंगळीला कापडाची चिंधी बांधलेली होती.

"हे काय?"

"चप्पल चावली. महिना झाला. बुवा म्हणाले, भार तिथूनच बाहेर पडतोय. झाकू नको म्हणाले, पण फार वास येतो गं."

आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडे चल, टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, रागावल्या, शेवटी रडल्यासुद्धा. ताई ढिम्म. "येत्या रविवारी माझी पूर्णाहुती आहे. तेवढी होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येईन." साखरेचा रोगी, महिनाभराची जखम आणि त्यात आणखी तीन दिवस. पण ताईपुढे कधी कुणाचं चाललंय?

त्या रविवारी टेलरबाई आयुष्यात पहिल्यांदा दुकान बंद ठेवून गोदामात गेल्या. गळ्यात फीत होती, ती काढायचीही शुद्ध राहिली नव्हती.

ताई लंगडत काट्यावर चढली. डोळे मिटले, तळहात शिळांवर ठेवले.

"दाबा, ताई! सात रविवारांची श्रद्धा एकवटा!" बुवा गरजले.

"एक्क्याऐंशी... एकोणऐंशी... सत्त्याहत्तर! अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याहत्तर!"

टाळ्या पडल्या. सगळं गाव तबकडीकडे पाहत होतं. टेलरबाई मात्र ताईचे खांदे पाहत होत्या. त्यांच्या धंद्यात माणूस आधी खांद्यांवरून ओळखतात. ताईचे खांदे कानांपर्यंत चढले होते, कोपर ताठ, बाहीची शिवण उसवेल इतकी ताणलेली. असे खांदे त्यांनी रोज पाहिले होते. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या दुकानातल्या स्टुलाला दोन्ही हात टेकून उठायच्या, तेव्हा त्यांचे खांदे असेच वर चढायचे. पायांवरचा भार तेवढ्यापुरता हातांवर जायचा. आणि इथे तो दगडांवर जात होता.

टेलरबाईंनी गळ्यातली फीत झटकली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हात वर!"

बावीस वर्षांची सवय. ताईचे दोन्ही हात झटकन वर गेले. गर्दीतल्याही दहाबारा जणांचे गेले. फौजदारांचेसुद्धा.

तबकडीवरचा काटा सुसाट धावला आणि थरथरत एक्क्याण्णववर थांबला.

शिष्याने वाचायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. पण बुवा कसले कच्च्या गुरूचे चेले! "पाहिलंत?" ते ओरडले. "पाहिलीत शिळांची शक्ती? हात काढला आणि भार परत आला!"

"आला कुठून?" टेलरबाईंनी विचारलं. "गेलाच कुठे होता? हात टेकून उभं राहिलं की जोर दगडावर पडतो, काट्यावर कमी पडतो. काटा खरा आहे, दाखलाही खरा आहे. पायांवर जेवढं पडतं तेवढंच तो बिचारा सांगतो. पहिल्या रविवारी हात लावू देत नाहीत, म्हणून ते एक वजन तेवढं खरं."

"नास्तिक बाई! ज्याची श्रद्धा कमी..."

"थांबा हो," गर्दीतून बेकरीवाला पुढे आला. त्याचा चेहरा त्याच्या भट्टीइतकाच तापला होता. "माझा पिठाचा व्यापारी एकदा पोतं तोलताना त्याच्यावर गुडघा टेकवत होता. पोतं खोटंच वजनदार भासवायला गुडघ्याने वरून दाबतात, हलकं भासवायला खालून उचलतात. मी विकत घेणारा, म्हणून तो दाबत होता. मी त्याला दारातून हाकलला! आणि इथे आठ रविवार मीच पोतं झालो, मीच उचलत राहिलो आणि वर टाळ्याही मीच वाजवल्या!"

ताईला बाजूला करून तो धाडकन काट्यावर चढला आणि हात वर केले. तबकडीवर पहिल्या रविवारचं वजन होतं, आणि वर चार किलो. मग तळहात शिळांवर टेकवले. आठ किलो उतरले. पुन्हा वर, पुन्हा खाली. कुणीतरी हसलं. मग पोरंटोरं हसली, मग सगळं गोदाम. बुवांच्या गर्जना त्या हसण्यात बुडून गेल्या. फौजदारांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, तेव्हा दंड थरथरत होते. भार वाहत असणार.

एकट्या ताईला हसू आलं नाही. ती काट्याशेजारीच उभी होती, मनाने अजून एक्क्याण्णववर. टेलरबाईंनी तिला तिथूनच थेट इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चिंधी सोडली आणि जखम पाहिली. "महिनाभर आधी का नाही आणलंत?" एवढंच विचारलं. पाय वाचला. करंगळी गेली.

हलकेबुवा पुढे कुठल्या गावी शिळा रोवतायत, कुणास ठाऊक. रोवतीलच, कारण फुकटात हलकं व्हायला आपण सगळे एका पायावर तयार असतो. म्हणून सांगतो, असला चमत्कार दिसला की तबकडीकडे पाहू नका, हातांकडे पाहा. कुणी गोळी बंद करायला सांगितली, तर आधी डॉक्टरांना विचारा. वाण्याला पाव किलो साखरेसाठी जाब विचारता ना, तसाच जाब बुवालाही विचारा. त्याच्याकडे तर तुम्ही जीव तोलायला देता.

जखम भरेपर्यंत ताईला चालायची मनाई होती. ती खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करायची, गोळी वेळेवर घ्यायची आणि बिनसाखरेच्या चहाला शिव्या द्यायची. पाय बरा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तशी संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागली. आधी टेलरबाईंच्या खांद्यावर हात ठेवून, मग नुसती काठी घेऊन. बेकरीवालाही बरोबर असायचा. केकची दुकानं टाळून चालायचं म्हणायचा, त्यातलं एक त्याचंच होतं.

सहा महिन्यांनी ताई दुकानात आली.

"हात वर."

चाळीस. टेलरबाईंनी वहीत तारीख घातली आणि आकडा लिहिला.

"एकच इंच?" ताई म्हणाली.

"एक इंच. पण खरा."

ताई आरशात स्वतःकडे पाहत राहिली. मग खाली, चपलेतल्या चार बोटांकडे.

"बुवाने माझं खरं वजन कमी केलं ते एवढंच बघ," ती म्हणाली. "एका करंगळीचं."

टेलरबाईंनी फीत गुंडाळून ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि दोघी बहिणी चालायला निघाल्या.