बिनआवाजाचा पंखा

आपल्या पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरचे भाग निवडायला प्रसेनजीत वडिलांना, आप्पांना, घेऊन शाहूपुरीतल्या दुकानात आला होता. घर एका खोलीचं. खेळताना आप्पांची झोप मोडू नये, म्हणून आतला पंखा बिनआवाजाचा हवा होता.

दुकानदाराने दोन पंखे चालू केले. एक घरघरत होता, दुसरा जवळजवळ नि:शब्द.

शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य झिजवलेले आप्पा दोन्हींवर वाकले. "आवाज कुठल्यालाच न्हाय की."

"पावणं, थट्टा करताय व्हय?" दुकानदार हसला.

आप्पा त्याच्या हलत्या ओठांकडे पाहत राहिले. घरात अलीकडे अनुत्तरित राहिलेले आपले सारे प्रश्न प्रसेनजीतला एकाएकी आठवले.

"मग कुठला देऊ?"

"बिनआवाजाचाच," तो म्हणाला. आप्पांनी हाक मारली, तर निदान त्याला तरी ती ऐकू यायला हवी होती.