दर पाचवी फ्रेम

बारकीने स्क्रीनवरच्या डाव्या अंगठ्याच्या नखाजवळचा बिंदू माऊसने उचलला, केसभर आत सरकवला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“दुसरी कॉपी पाहिली,” मामा म्हणाला. “डावा हात अजून फडफडतोय.”

“फडफडतोय म्हणजे?”

“म्हणजे कडेला हिरवी रेघ येते, जाते, येते, जाते. मधूनच अंगठा छाटल्यासारखा दिसतो. पेशंट म्हणतील, या डॉक्टरला स्वतःचा अंगठा सांभाळता येत नाही, आमचे दात काय सांभाळणार!”

“मामा, तो हात नुसता टेबलावर पडलाय. त्याला काय फडफडायचंय?”

“तेच तर म्हणतोय मी. ब्रश धरलेला उजवा हात एवढा नाचतो, तो झकास कापलायस. आणि पडलेल्या हाताची कड तुला धरता येईना? घाई करू नकोस, बारके. उद्घाटन रविवारी आहे.”

फोन ठेवून ती खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी फिरली. घाई म्हणे! चार दिवसांची रजा टाकून ती मामाला कापत बसली होती.

मामा दातांचा डॉक्टर. तीस वर्षं एका खोलीत दवाखाना चालवून आता त्याने वरचा अख्खा मजला घेतला होता. तिथल्या पडद्यावर दाखवायला अठ्ठेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ हवा होता: मामा ब्रश कसा करावा ते सांगतोय आणि मागे नवा दवाखाना. मजला अजून रंगाऱ्यांच्या ताब्यात, म्हणून मामाच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या खोलीत हिरवा पडदा लावून चित्रण केलं. पडदा इस्त्री केलेला, उजेड चोख. हिरवं तेवढं काढून टाक असं कॉम्प्युटरला सांगितलं की माणूस सुटा होतो आणि त्याच्यामागे हवं ते चित्र लावता येतं. मामा मात्र नवाकोरा हिरवा गाऊन चढवून उभा राहिला होता.

“पडद्याला मॅचिंग,” त्याने वर अभिमानाने सांगितलं होतं.

कॉम्प्युटरने पडदा काढला, गाऊनही काढला. उरलं एक डोकं आणि दोन हात. पोटाच्या जागी नवी खुर्ची. आई हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. बारकीला हसू आलं नाही, कारण तिने तोवर गुणाकार केला होता. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे बाराशे मामा, आणि त्यांच्याभोवती हाताने रेघ मारायची. पुन्हा चित्रण करू म्हटलं, तर मामाला वेळ नव्हता. “तुमच्या स्टुडिओत हेच करता ना दिवसभर?” हे वर.

करत होतीच ती. पण तिथे सिनेमातली माणसं फोन करून अंगठ्याची चौकशी करत नाहीत.

“घे गं सांभाळून,” आई दारातून म्हणाली. “परका का आहे तो?”

“परका असता तर एव्हाना संपलं असतं.”

“त्याचं सगळं त्या हातांवर चाललंय, म्हणून एवढं बघतो. इंजेक्शन कधी दिलं कळलंच नाही, असं लोक म्हणतात. त्या जोरावर तर मजला घेतलाय. आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर त्याचे हात वेडेवाकडे दिसले तर?”

“वेडेवाकडे मी करत नाहीये, आई!”

“बरं,” म्हणून आई आत गेली, आणि ते ‘बरं’च जास्त लागलं. आपण करत नाही, हे कशावरून?

तिने अडचणीचा तुकडा पुन्हा उघडला. एकतिसाव्या सेकंदाला मामा डावा हात टेबलावर ठेवतो आणि सदतिसाव्याला उचलतो. मधले सहा सेकंद तो हात नुसता विसावलेला. हलणाऱ्या अवयवाभोवती फ्रेमागणिक रेघ बदलावी लागते. स्थिर अवयवाला एवढे लाड कशाला? पहिल्यांदा तिने दर पंचविसाव्या फ्रेमला थांबून रेघ जुळवली होती, मधल्या फ्रेम कॉम्प्युटरने भरल्या. मामाने तक्रार केल्यावर दर दहाव्या. आता तिने दात-ओठ खात दर पाचव्या फ्रेमला थांबायचं ठरवलं. तीस थांबे, प्रत्येक थांब्याला रेघेचे अठरा बिंदू.

दुपार त्यातच गेली. गंमत म्हणजे प्रत्येक थांब्यावर रेघ आधीच बरोबर बसलेली होती. हात सूतभरही हललेला नव्हता. तिने तरी एकेक बिंदू तपासला. मग तुकडा चालवून पाहिला.

अंगठा फडफडला.

“अरे काय!” ती इतक्या मोठ्याने ओरडली की आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

तिने थांबे पुन्हा पाहिले. तीसच्या तीस अचूक. चालवलं की फडफड. सॉफ्टवेअरला शिव्या देऊन झाल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, स्वतःच्या चष्म्याच्या काचा पुसल्या. बोट कीबोर्डच्या कळीवर ठेवून ती एकेक फ्रेम पुढे जाऊ लागली. पहिली बरोबर. दुसऱ्या फ्रेममध्ये अंगठा रेघेच्या बाहेर. तिसरीत आणखी बाहेर. चौथीत परत. पाचवीत रेघेच्या आत. सहावीत अगदी जागेवर.

बोट थांबलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत गरगरणाऱ्या चकतीवर लुकलुकणारा दिवा धरला की चकती उभी राहिलेली दिसायची. दिवा आणि फेरा यांचा ठेका जुळला की डोळ्याला गती दिसतच नाही. पंचवीस, दहा, पाच. हात हलून मूळ जागी येत होता, आणि ती दर वेळी नेमकी त्याच क्षणी जाऊन बघत होती.

तिने मूळ चित्रण उघडलं, कापाकापी नाही, रेघ नाही. टेबलाची कड मोजली. ती स्थिर होती. मग नखाची जागा फ्रेमागणिक मोजून कागदावर टिंबं काढली. तिच्या हाताची चूक असती तर टिंबं कशीही विखुरली असती. ही एका लयीत वर गेली, खाली आली, वर गेली. सेकंदाला पाच वेळा.

जिंकल्यासारखं तिने फोन उचलला. चूक माझी नाहीये, हे वाक्य तोंडात तयार होतं. घंटी वाजत असताना तिचं लक्ष कागदाकडे गेलं, आणि मामाने “बोल” म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, “तू येऊन जातोस का?”

तो संध्याकाळी सातला आला, आल्या आल्या कुरकुरत.

“एका अंगठ्यासाठी पेशंट सोडून आलोय. दाखव काय पराक्रम केलास.”

तिने त्याला खुर्ची दिली आणि मूळ चित्रण लावलं. तो बघत होता. मग त्याने स्वतःच कळीवर उजवं बोट ठेवलं आणि एकेक फ्रेम पुढे नेली. कागद तिने दिला नव्हता. बाजूला पडलेला त्याने उचलला. टिंबांवरून बोट फिरवत त्याने एक, दोन असं पाचापर्यंत मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

“उजवा?”

“उजवा स्थिर आहे. पण त्यात ब्रश आहे.”

“काही धरलं की कंप थांबतो,” तो म्हणाला. तिला नव्हे, कागदाला. डावा हात त्याने मांडीखाली घेतला होता. “मला वाटायचं, टीव्ही बघताना त्याच्या उजेडामुळे तसं दिसतं.”

“मामा, मी रेघ दर फ्रेमला बसवते. नाहीतर तो हात एका जागी गोठवून टाकते. कोणाला कळणार नाही.”

“पडद्यावर कळणार नाही.”

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “सुटला का गं अंगठा?”

 मामाने कागद पालथा ठेवला.

“सुटला, ताई. हिची चूक नव्हती.”

मग त्याने फोन काढला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, उद्या सकाळचे पेशंट दुपारी घ्या, व्हिडिओ परत करू. ब्रश तुम्ही दाखवायचा. हो, तुम्हीच. मी मागे उभा राहून बोलेन. पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारलं जात होतं. “भेटल्यावर सांगतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

“मी हात पाठीमागे घेतले तर तुला सोपं जाईल ना?” त्याने बारकीला विचारलं. “बोटं कापायला नकोत.”

“हो. खूप सोपं जाईल.”

“बघू, कसं दिसतं.” तो उठला, भिंतीला पाठ करून उभा राहिला, दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले आणि हनुवटी वर केली. “असं?”

तिने फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरला. फोटो काढताना नेहमी सांगतात ते ‘हलू नकोस’ जिभेच्या टोकावर आलं. ते तिने गिळलं.

“असंच,” ती म्हणाली.