मोडीत दिलेली घागर

इब्राहीम उस्तादांनी उदगीरच्या किल्ल्याखाली तांब्याची भट्टी मांडली. त्यांचे चिरंजीव खाजामियाँ यांनी त्या भट्टीवरच्या घागरी देगलूरपासून निलंग्यापर्यंत घरोघर पोहोचवल्या. खाजामियाँचे चिरंजीव जिलानी मिस्त्री यांच्या नशिबी ती भट्टी विझताना पाहणे आले. या जिलानींचा मुलगा मुज्तबा. तीन पिढ्यांनी तांब्याला आकार दिला आणि चौथीने त्याचा आवाज विकायला काढला. लोक हसले. हसायला काही लागत नाही. पण जिलानींच्या माघारी त्या घरावर एक देणे उरले होते, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

मुज्तबा राहायचा लातुरात, क्लासेसच्या वस्तीत. तिथे प्रत्येक खिडकीत एक दिवा आणि प्रत्येक दिव्याखाली एक डॉक्टर शिजत असतो. एका क्लासची भौतिकशास्त्राची चित्रित व्याख्याने नीटनेटकी करण्याची नोकरी त्याच्याकडे होती. सरांचा खोकला काढ, पंख्याची घरघर काढ, खडूची किरकिर काढ. दिवसभर अशी झाडलोट केली की पोटापुरते मिळे. उरलेला सगळा जीव तो ‘मोड’मध्ये ओती.

‘मोड’ हे त्याच्या कंपनीचे नाव. कंपनी म्हणजे एक भाड्याची खोली, भंगारातून आणून दुरुस्त केलेले तीन टेपरेकॉर्डर आणि खोक्यांची उतरंड. मेटल म्हणून जे संगीत जगभर ओळखले जाते, त्यातली सर्वांत कडवी आणि अनवट शाखा, जिला रेडिओ घेत नाही आणि शेजारी सोसत नाही, तिच्या कॅसेटी तो काढी. एकेक कॅसेट स्वतः भरायची, वेष्टणाची घडी स्वतः घालायची आणि जपान, चिली, फिनलंड असे पत्ते लिहून टपालात न्यायची. टपाल कचेरीतले ईश्वरप्पा दर खेपेला विचारीत, “आत काय हाय?”

“मेटल, काका.”

“कंचं? तांबं का पितळ? वजनाला तर पिलास्टिक लागून राहिलंय!”

या कंपनीचे नाव जगात गेले ते एका घागरीमुळे. भांडेवाल्यांच्या बोलीत मोड म्हणजे फुटके, चेपलेले भांडे. ते द्यायचे आणि बदल्यात नवे घ्यायचे. किल्लारीच्या भूकंपानंतर जिलानी मिस्त्रींच्या दारात अशा मोडीचा डोंगर लागला होता. त्यातल्या एका बाईने अट घातली होती, की माझ्या घागरीत दुसऱ्याचे तांबे मिसळायचे नाही. हिचीच घागर मला घडवून द्या. मिस्त्रींनी शब्द दिला. बाई दोनदा विचारायला आली आणि दोन्ही वेळा ‘आठ दिवसांनी या’ ऐकून गेली. पुढे मिस्त्रींचे कान गेले. तांबे कानाने घडते. ठोका कुठे बोदा, बद्द पडला हे ज्याला ऐकू येत नाही, त्याने हातोडा खाली ठेवावा, आणि त्यांनी ठेवला. बाईचा शोध घेत ते गेले, तेव्हा तिचे गाव उठून दुसरीकडे वसले होते आणि बाई तिथे नव्हती. मरताना ते पत्नीला म्हणाले, “जोहरा, ही अमानत हाय, परक्याची ठेव.”

ती अमानत मुज्तबाने लातूरला आणली, दोरीने टांगली, आणि अहमदपूरच्या मित्राने, अंगदने, तिच्यावर काठी मारली. पोटाला गेलेल्या लांब चिरेतून असा काही कण्हता घोगरा नाद निघाला, की दोघेही उभेच राहिले. अंगदच्या बँडचे नाव ‘घट’. तोच नाद घेऊन त्यांनी पहिली कॅसेट काढली. तिच्यावर घागरीच्या गळ्यावरचे ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव जसेच्या तसे छापले: सौ. पार्वतम्मा महादेवप्पा. परदेशी श्रोते विचारीत, ही कोणती देवता? जोहराबींनी मात्र एकदाच बजावले होते, “अमानतीला हात लावत न्हाईत, बेटा. तू काठी लावलीस.” मालकीण हयात नसेल, असे म्हणून मुज्तबाने ते बोलणे कानाआड केले, पण तेव्हापासून त्याला एका जागी बसवेना. कॅसेट भरत असताना तो खोलीत येरझारा घाली, जिन्यावर कुणाचे पाऊल वाजले की दचके, आणि का दचकलो ते स्वतःलाही सांगत नसे.

आता फिनलंडच्या एका कंपनीने दुसऱ्या ध्वनिमुद्रणाची मागणी केली होती. अट एकच: तीच घागर हवी. रविवार ठरला होता.

त्या आधीच्या बुधवारी अंगद भाजीच्या गाड्यावर उभा होता. अंगात बँडचा सदरा, पाठीवर ठिपक्यांची अक्षरे. मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली.

“कोण रं तू? माझं नाव पाठीवर घालून कुठं निघालास?”

वळून पाहतो तो सत्तरीची, कपाळाला विभूती लावलेली एक म्हातारी, आणि तिला मागे ओढणारी तिची नात राजकन्या. मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करीत होती आणि भूकंपानंतर देगलूरला गेलेली आजी तिच्या स्वयंपाकासाठी येऊन वस्तीत राहिली होती.

“आजी, सोड. कुणाचंबी आसंल नाव.”

“गप. मला दोनच नावं वाचता येतात, ती बी ठिपक्यातली. माझं आन् माझ्या धन्याचं.”

“पार्वती म्हंजी देवी असंल ना, आजी?” अंगद चाचरला.

“देवी न्हाई, मी हाय! चल, दाव कुठनं आणलंस.”

अशी ती ‘मोड’च्या खोलीत आली. टांगलेली घागर आणि तिच्यासमोरचा मायक्रोफोन पाहून थांबली. मग घागरीभोवती एक फेरी घातली, जशी देवाला घालतात तशी, आणि गळ्यावर बोट फिरवले.

“जिलानी मिस्त्री?”

“वारले. मी त्यांचा मुलगा, मुज्तबा.”

“मंग दे माझी घागर.”

“हीच की, आजी.”

“ही मोड हाय. मोड देऊन गेले मी. घागर कुठाय?”

मुज्तबा सौदा करू लागला. बाजारातली उत्तम घागर आणून देतो, म्हणाला; कॅसेटींचे पैसे देतो, म्हणाला. म्हातारी खोक्यांच्या उतरंडीवर ऐसपैस टेकली.

“बाजारची घागर बाजारात हाय की. पोरा, दरड पडावी तशी भिंत पडली त्या पहाटं. धनी गेले. त्यांच्यासंगं माझं नाव एकाच जागी हाय, ह्या गळ्यावर. जगभर विकलंस ते बरं केलंस, मला काय त्याचं! पर मला पाणी भरायला घागर पाहिजे.”

ती गेल्यावर अंगद उसळला. “भाई, एक रविवार! आजीला म्हणावं, सोमवारी घेऊन जा.”

“घडवून द्यायची आहे, अंगद. भट्टीत घातली की चीर बुजणार आणि नाद जाणार.”

“म्हणून तर म्हणतो, रविवार होऊ दे. पंचवीस वर्षं थांबलीय ती. चार दिवसांनी काय बिघडतंय?”

मुज्तबा खिडकीशी गेला, दाराशी गेला, पुन्हा खिडकीशी आला. अंगदचे बोलणे खोटे नव्हते. रविवारी मुद्रण होईल. मग ते लोक म्हणतील, हीच घागर घेऊन वाजवायला या. मग तिसरे मुद्रण. चांगले कारण दर खेपेला मिळेल. आपल्या वडिलांनी खोटे बोलून शब्द मोडला नव्हता. त्यांनी केवळ ‘आठ दिवसांनी या’ म्हटले होते. आपणही आता तेच म्हणायला निघालो आहोत, हे उमजताच त्याच्या पायांची येरझार थांबली. त्याने दोरी सोडली, घागर चादरीत बांधली आणि उदगीरची एसटी गाठली.

जोहराबींनी गाठोडे उघडून पाहिले. परसातल्या विझलेल्या भट्टीवरची राख त्यांनी स्वतः उपसली आणि भात्याशी बसल्या. या भात्यावर त्यांची उमेदीची वर्षे गेली होती.

“मला घडवता येत नाही, अम्मी. मी फक्त पत्रा धरायचो.”

“मंग शीक. फुकट बारीक कान दिला का तुला खुदानं?”

बूड सोडवले, तांबे लाल केले, पाण्यात घातले. ते मेणासारखे नरम झाले. मुज्तबाने पहिला ठोका मारला तो चुकला. दुसराही चुकला. मग त्याने डोळे मिटले. रोज व्याख्यानातली बारीकशी किरकिर पकडणारा कान त्याने हातोड्याशी लावला. जिथे नाद बोदा, तिथे ठोका. जिथे खणखणीत, तिथून पुढे सरक. हाताला फोड आले, फुटले, तो थांबेना. शुक्रवारी भर दुपारी अंगद ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन धापा टाकीत परसात आला.

“भाई, ह्याच ठोक्यांचं मुद्रण करू! जुन्यापरीस भारी हाय हे!”

मुज्तबाने मान वर केली. क्षणभर त्याचे डोळे त्या यंत्रावर खिळले. खोटे कशाला सांगावे, हात शिवशिवले.

“पिशवीत ठेव ते,” तो म्हणाला. “अमानतीवर एकदा कमावलं, बास. पत्रा धर.”

अंगदने चडफडत यंत्र ठेवले आणि पत्रा धरला. चिरेच्या दोन्ही कडा जुळल्या, बूड पुन्हा बसले. सांधा जोडणाऱ्या डाखेपुरता जो कण परका धातू लागतो तेवढाच लागला. बाकी तांबे तिचेच. गळ्याला मात्र मुज्तबाने हातोडा शिवू दिला नाही. त्या रात्रीच त्याने फिनलंडला कळवले, की घागर आता उपलब्ध नाही. तिकडून दोन ओळींचा नकार आला.

रविवारी सकाळी, मुद्रणाच्या ठरल्या वेळी, तो पार्वतम्मांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. म्हाताऱ्या बाईने घागर हातात घेतली. आधी गळ्यावरची दोन नावे बोटाने वाचली. मग टिचकी मारली. स्वच्छ, भरदार नाद झाला. त्यात कण्हणे नव्हते.

“राजकन्या, बादली आण.”

घागर काठोकाठ भरली. गळती कळावी म्हणून सांध्याखाली तिने कोरड्या फरशीवर राख पसरली आणि पाटावर बसली. मुज्तबा उभाच, घामेजलेला, एका पायावरून दुसऱ्या पायावर. भात शिजला, उतरवला. म्हातारीने वाकून राखेवर तळहात दाबला आणि उताणा करून त्याच्यापुढे धरला. राख कोरडी होती.

“बापाला दुवा दे माझी,” ती म्हणाली. “मिस्त्रीचं मला आता कायबी देणं न्हाई.”

मग तिने त्याच घागरीतले पाणी तांब्यात ओतून त्याच्या हाती दिले. तो उंबऱ्यावर बसला आणि सगळे प्यायला.