न तुटलेला कॉल

‘एक नेटवर्क सोडण्याआधी दुसरे हाती धरावे, कोणाचेही बोलणे अर्ध्यावर तुटू नये’ हे उदात्त वाक्य अहवालात टंकून अभियंत्याने पूर्णविराम दिला आणि वाजणारा मोबाईल उपडा ठेवला. फोन वडिलांचा होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र उचलावा लागला, कारण शेजारच्या टेबलावरची चाचणीवाली मान वर करून बघू लागली होती.

अण्णांचे म्हणणे आठवडाभर तेच होते. गुरुवारी मोतीबिंदू काढायचा आहे, इस्पितळाच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते, तू येशील ना. अभियंता ‘बघतो, बघतो’ म्हणत जिना उतरू लागला. ऑफिसचे वाय-फाय गेटपर्यंतच पोचत असे. तिथून फोन मोबाईल नेटवर्कवर जाताना कॉल तुटे, आणि तो तुटू नये यासाठीच कंपनी त्याला तीन वर्षे पगार देत होती. तीन वर्षे तो वडिलांचे फोन तिथेच नेऊन तोडत होता.

“आवाज तुटतोय, अण्णा,” गेटपाशी तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. बंद करण्याचे बटण दाबायची त्याला सवयच राहिली नव्हती. कॉल न तोडता नेटवर्क बदलणारी नवी प्रणाली त्याने त्याच सकाळी स्वतःच्या फोनवर चढवली होती. ती चालेल, ही शक्यता मात्र धरली नव्हती.

कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात विक्री विभागातला मित्र भेटला. अभियंत्याने त्याला सगळे रंगवून सांगितले : म्हातारा एका सहीसाठी कसा हात धुऊन मागे लागलाय, एकदा गेलो की डोळ्यात थेंब घालत महिनाभर अडकलो म्हणून समज. मग नाकात बोलत, आवाज तुटू लागला की अण्णा करतात तसे “हॅलो? बाळा? आहेस ना?” करून दाखवले. मित्राला ठसका लागला. त्याने पुन्हा एकदा करायला लावले, आणि अभियंत्याने ते केले.

जेवणानंतर चाचणीवाली एक कागद नाचवत आली.

“पार्टी दे. पहिला न तुटलेला कॉल तुझ्याच फोनवरचा. गेट ओलांडून गेला, पत्ताही लागला नाही. चौदा मिनिटं.”

“चौदा?” वडिलांशी तो जेमतेम तीन मिनिटे बोलला होता.

“एक अक्षर गळलं नाही. मग पलीकडून ठेवला. कोण होतं रे? फार सोशिक माणूस.”

साहेबांनी सगळ्यांना उभे करून टाळ्या वाजवायला लावल्या. अभियंत्याने कोरडे कपाळ बाहीने पुसले. आभार मानताना कोणाकडे बघावे ते न सुचून तो प्रिंटरकडे बघत राहिला. विक्रीतला मित्र सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी त्याने स्वतःहून फोन लावला. रजा टाकली आहे, गुरुवारी येतो, असे एका दमात सांगून टाकले.

“अण्णा, सकाळी मी...”

“सकाळी ना? तुझं ते नेहमीचं ठिकाण आलं आणि आवाज गेला,” वडील घाईने म्हणाले. “मी लगेच ठेवून दिला.”

“लगेच?”

“लगेच. आणि तू उगाच धावपळ करू नकोस. सोय झालीय इथे.”

चाचणीवालीने दिलेला चौदा मिनिटांचा कागद अभियंत्याच्या हातातच होता. त्याने त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि आणखी घडी पडेना तेव्हा तो नुसताच मुठीत धरून बसला.

गुरुवारी तो गेलाच. पहाटेची बस धरून नवाच्या सुमाराला इस्पितळात पोचला, तेव्हा अण्णांना नुकतेच आत नेले होते. सही करायला आलोय, मी मुलगा, असे त्याने परिचारिकेला सांगितले. तिने फाइल उघडून कागद त्याच्याकडे फिरवला. सही कालच झाली होती. तिच्याखाली, ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिले होते : दूधवाला.