मावशीच्या तोंडाआडचा चमत्कार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर चाकाच्या खुर्चीत एक लुळा माणूस बसला होता. रेशमी झग्यातल्या बाबाने हात उचलला, बासरी थरथरली आणि एका बाईचं भरल्या डोळ्यांचं, आ वासलेलं तोंड आलं. लगेच चालणारी दोन पावलं! मग उजेडाकडे निघालेला पाठमोरा माणूस. सभागृह हुंदके देऊ लागलं.

"अगं, ती मीच!" मावशीने भाचीचा दंड धरला. "गेल्या महिन्यातली सभा. माझ्या डोळ्यांदेखत उठला गं तो!"

पडदा विझला आणि बाबा स्वतः अवतरले. "यंत्र सोडा, तंत्र सोडा, माझा हात धरा! म्हणे मशीन रक्त धुतं. रक्त म्हणजे काय धोब्याकडची चादर आहे?"

यावर टाळ्या पडल्या. अक्कल गहाण टाकलेल्या माणसांना टाळ्या मात्र छान वाजवता येतात. मावशीनेही वाजवल्या. तिच्या नवऱ्याचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनवर धुतलं जाई, तेव्हा कुठे तो जगत होता. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती.

"उद्या ह्यांना नेणार नाही," बाहेर पडता पडता ती म्हणाली.

 लग्नाच्या फिल्म कापून जोडणं हा भाचीचा धंदा, म्हणून घरात तिला कात्री म्हणत. एका पेंगणाऱ्या मामाला तिने नवरी निघतानाच्या प्रसंगात जोडून दुःखाने खचलेला करून दिलं होतं, आणि ते बघून त्या घरची माणसं खरोखर रडली होती.

बाबाने फिल्म सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली होती, पुण्य पसरावं म्हणून. कात्रीने घरी आल्या आल्या ती लॅपटॉपवर लावली आणि थांबवत थांबवत दाखवली.

"हा खुर्चीत. हे तुझं तोंड. ही पावलं. मावशी, उठला कुठे?"

"कॅमेरा वळला असेल तेव्हा."

"एवढा मोठा चमत्कार घडतोय आणि कॅमेरावाला तुझ्याकडे बघतोय? तू देखणी आहेस गं, पण इतकी?"

पलंगावर पडलेले मावशीचे यजमान, काका, खो खो हसले. "अगं, मी होतो ना बरोबर! खुर्चीवाला कोणी नव्हताच. स्वयंसेवकाने लोखंडी बाक तुझ्या अंगठ्यावर ठेवला, तेव्हा तू असं तोंड केलंस."

मावशी अडखळली. अंगठा तिला आठवत होता. पण फिल्म बघून बघून तो माणूसही आठवायला लागला होता.

कात्रीने गॅसवर दूध उतू जाऊ दिलं, त्याचं चित्रण केलं आणि त्याला मावशीचं तेच तोंड जोडलं.

"अगंबाई, किती हळहळतेय मी!"

मग शेजारच्या बाळाच्या पहिल्या पावलांना तेच तोंड जोडलं.

"इथे बघ, कसं कौतुक दाटून आलंय!"

"तोंड तेच आहे. तुझा अंगठा ठणकतोय, बाकी सगळं तू भरलंस. दोन तुकडे शेजारी ठेवले की मधली गोष्ट बघणाराच शिवतो. मीही त्यावरच पोट भरते, पण कोणाचं औषध बंद करत नाही. आता नीट बघ. खुर्चीतल्याचे पाय शालीखाली आहेत. चालणाऱ्याचं तोंड दिसतच नाही. माणसं दोन आहेत."

मावशीचा चेहरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे माझ्या तोंडाआड मेल्याने माणूस बदलला? आणि त्यापायी मी ह्यांचा जीव घ्यायला निघाले होते!" ती काकांचा हात धरून खूप रडली.

सकाळी काका मशीनवर गेले. पुढच्या सभेत फिल्म सुरू झाली आणि मावशी उभी राहिली.

"बाबा, फिल्म पुरे. एक लुळा माणूस आत्ता, आमच्यासमोर उठवा. मध्ये माझं तोंड न घालता."

बाबा गोड हसले. "माई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये."

"औषधाची घेतात. म्हणून आम्ही औषध घेतो."

बासरीवाल्याने घाईघाईने सूर धरला. मावशीने त्याच्यावर आवाज चढवला आणि ती लोकांकडे वळली.

"अहो, सुया टोचून घ्या, गोळ्या गिळा, डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. आणि पडद्यावर कोणी बरा झाला तर ह्या बाबांनाही एक विचारा. बसलेला दाखवलात, चालताना दाखवलात, मग उठताना का नाही दाखवलात?"